खुर्ची भिंतीकडे

माझा सत्कार झाला की एक गोष्ट हमखास सांगतात. फौंड्रीत राबून बहिऱ्या झालेल्या बापाची पोरगी कानाची डॉक्टर झाली. पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात आणि मी खांद्यावरची शाल सावरत खाली बघत राहते. गोष्ट छान आहे, फक्त खरी नाही. मला हाडांची शाखा पाहिजे होती. माझा नंबर आला तेव्हा कान-नाक-घसा उरलं होतं, ते मी घेतलं. पण सत्काराच्या भाषणात एवढं कोण सांगत बसणार.

माझे वडील पिराजी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नॉकआउट खात्यात होते. ओतीव काम गार झालं की साचा हादरणाऱ्या लोखंडी जाळीवर टाकून फोडतात, ते हे खातं. तिथं दिवसभर उभं राहिल्यावर घरी आलेल्या माणसाच्या कानात रात्रभर जाळी हादरत राहते. पंचेचाळिशीत वडील ठार बहिरे झाले. त्या खात्यातली सगळी माणसं ओठ वाचतात. शिकवत कुणी नाही, पण जाळी चालू असताना दुसरा इलाजच नसतो. मी एमबीबीएस झाल्याचं फोनवर कळवलं ते आईला. आईनं वडिलांच्या समोर उभं राहून सावकाश ओठ हलवत त्यांना सांगितलं आणि त्यांनी तिला तीन वेळा परत सांगायला लावलं.

माझा दवाखाना कसबा बावड्यात आहे. पाटीवर 'डॉ. पूर्णिमा' एवढंच लिहिलंय, आडनाव नाही. शिकत असताना एका वरिष्ठानं अगदी आपुलकीनं सुचवलं होतं, की आडनाव घातलंस तर निम्मे पेशंट जिन्यावरूनच परत फिरतील. मला त्याचा इतका राग आला होता की जेवण गेलं नव्हतं, आणि तरी पाटी करताना मी त्याचंच ऐकलं. आलेला पेशंट खुर्चीत बसला की तरीही चाचपतोच. मॅडम, गाव कुठलं, पैपाव्हणं कुठलं. मी त्याला आ करायला सांगते आणि जिभेवर पट्टी ठेवते. तेवढ्यापुरती चौकशी थांबते.

माझा हात चांगला आहे. हे मीच सांगते, कारण दुसरे सांगतात तेव्हा 'तरीसुद्धा' जोडून सांगतात. कानातलं तांदळाच्या दाण्याएवढं हाड घट्ट होऊन बसलं की माणसाला ऐकू येत नाही. ते काढून मी कृत्रिम हाड बसवते. पेशंट टेबलावर जागाच असतो. काम झालं की मी हलक्या आवाजात त्याचं नाव घेते, आणि तो ओ देतो. चोवीस वर्षांत अशी कितीतरी माणसं माझ्यासमोर टेबलावर रडली. पण आवाजानं मेलेल्या कानाला ऑपरेशन नाही. आतली नस गेली की गेली. म्हणजे माझ्या घरात जो आजार होता, त्याच्यापुढे माझ्या हातातल्या विद्येचा काडीचा उपयोग नव्हता.

बारा वर्षांपूर्वी त्याच फौंड्रीतले कामगार अधिकारी पृथ्वीराज माझ्याकडे आले. कामगारांचे कान वर्षातून एकदा तपासायचे होते. आमच्याच कामगाराची मुलगी आमच्या कामगारांना तपासणार, मालकांना फार आनंद झालाय, असं ते म्हणाले. तिथंही शाल-श्रीफळ झालं आणि तिथंही ती गोष्ट सांगितली गेली. कारखान्याचं नाव मी सांगत नाही. तो अजून जोरात चालू आहे आणि मीही अजून दवाखाना चालवते.

पहिल्या वर्षी फेटलिंग खात्याची पाळी होती. तयार मालाचे ओबडधोबड कोपरे ग्राइंडरनं घासतात, ते खातं. कॅन्टीनच्या मागच्या खोलीत आम्ही मशीन मांडलं. चाचणी घ्यायला माझ्याकडे मोना नावाची मुलगी होती, हुशार आणि बोलघेवडी. चाचणी साधी असते. माणसाच्या कानाला हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं, मोनानं बारीक आवाज सोडायचा, आणि ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. एकच पथ्य असतं. माणसाला मशीन दिसता कामा नये, मशीन चालवणाराही दिसता कामा नये. म्हणून मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. चौसष्टपैकी एकवीस जणांचे कान गेलेले निघाले.

मी सविस्तर अहवाल लिहिला. कानाला संरक्षण द्या, पाळ्या बदलून द्या, मशीनभोवती आडोसा करा, असं चार पानं लिहिलं. त्यातली एकवीस नावांची यादी तेवढी त्यांनी वाचली. कायम असलेल्यांना 'त्यांच्याच सुरक्षिततेसाठी' खात्यातून काढून आवारात झाडू मारायला लावलं, आणि ठेकेदाराकडच्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यातला एक जण दवाखान्यात येऊन मला म्हणाला, की तुझ्या बापानं ह्या फौंड्रीचं मीठ खाल्लं आणि तू आमच्या अन्नात माती कालवलीस. बाकड्यावर पेशंट बसले होते. त्यांच्यासमोर मी त्याला कागद दाखवून पटवायला बघत होते, आणि त्याला माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीपासून नॉकआउटचीही पाळी सुरू होणार होती. तपासणीच्या कॅम्पच्या आठ दिवस आधी केरबाकाका आले. वडिलांच्या हाताखाली विसाव्या वर्षी कामाला लागलेले केरबाकाका. जातीनं मराठा, आणि वडिलांच्या डब्यातली भाकरी मोडून घेणारा त्या खात्यातला पहिला माणूस. मी मिरजेला शिकायला निघाले तेव्हा वडिलांना सुट्टी मिळाली नव्हती. माझी ट्रंक सायकलवर घालून केरबाकाकांनीच मला हातकणंगले स्टेशनवर पोचवलं होतं, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते. त्यांची बायको धोंडुबाई मला पूर्णा म्हणायच्या आणि अगंतुगं करायच्या. दवाखाना झाल्यावरही त्यात फरक पडला नाही.

काकांनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"पोरी, औंदा आमची पाळी हाय. तेवढी खुर्ची फिरीव. आवाज सोडताना त्या पोरीच्या बांगड्या हालल्या की आमी बटण दाबतो. पुढचं आमचं आमी बघतो की."

मी त्यांना समजावलं. कान जात असतील तर ते कागदावर यायला पाहिजे, उद्या तुम्हालाच उपयोग होईल, असं सगळं सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, उद्याचं उद्या, आज हातात झाडू नको. फेटलिंगच्या एकवीस जणांची काय गत झाली ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ती गत माझ्या सहीनं झाली होती. मला त्यांच्यापुढे मान वर करता येईना.

कॅम्पच्या दिवशी मी मोनाला म्हटलं, भिंतीकडे उजेड नाही, खुर्ची इकडे फिरव. तिनं खुर्ची फिरवली. दुसऱ्या दिवशी ती दोन बांगड्या जास्त घालून आली.

तेव्हापासून दरवर्षी तेच. नॉकआउटवर वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या बाप्यांच्या कानांचे आलेख कॉलेजातल्या पोरांसारखे यायचे. जेवणाची सुट्टी झाली म्हणून मी पाठीमागून हाक मारली तर एकही वळायचा नाही, आणि कागदावर सगळ्यांचे कान शाबूत. मी खाली सही करायचे. हे मी दयेपोटी केलं, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की कारखाना माझ्यावर खूश होता, त्याच्या ओळखीनं दुसरे चार कारखाने मिळाले, आणि पाटीवर आडनाव न लावणाऱ्या डॉक्टरला एमआयडीसीतले मालक लग्नाच्या पत्रिका पाठवायला लागले. मला ते आवडत होतं. आवडत नव्हतं असं आता म्हटलं तर तो आणखी एक खोटा दाखला होईल.

गेल्या वर्षी केरबाकाका निवृत्त झाले. एका अपार्टमेंटवर वॉचमन म्हणून लागले आणि महिन्याभरात परत आले, कारण गाड्या हॉर्न वाजवत गेटपाशी उभ्या राहायच्या आणि काका पाठ करून झाडांना पाणी घालत असायचे. कुणी तरी सुचवलं म्हणून त्यांनी फौंड्रीवर कामगार न्यायालयात अर्ज केला. आवाजामुळे कान गेले, भरपाई मिळावी. मी त्यांची नीट तपासणी केली, खुर्ची भिंतीकडे ठेवून. दोन्ही कान जवळजवळ संपलेले होते. आलेख अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा होता, आवाजानं कान जातात तेव्हा येतो तसा. मी दाखला दिला. काका त्या दिवशी फार समाधानानं बोलले.

"पैसं मिळू देत न्हायतर न्हाई. पन फौंड्रीनं माझं कान खाल्लं, एवढं कागदावर येऊ दे. पोरं मला म्हणत्यात, म्हातारा कळून सवरून ऐकत न्हाय."

फौंड्रीनं उत्तरात अकरा कागद जोडले. अकरा वर्षांचे अकरा आलेख, प्रत्येकाखाली माझी सही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत अर्जदाराचे कान उत्तम होते, पुढं काय झालं त्याच्याशी आमचा संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला साक्षीचं समन्स आलं.

काकांची वकील अनुजा, तरुण मुलगी, मला भेटायला आली. तिला खुर्चीचं सगळं माहीत होतं. काकांनीच सांगितलं होतं, हसत हसत. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही कोर्टात एवढंच सांगा की खुर्ची मशीनकडे होती, माणसाला बांगड्या दिसत होत्या. ते अकरा कागद तिथंच रद्दी होतील. काकांना यात माझं काही वाईट होईल असं वाटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी आम्ही दोघांनी मिळून फौंड्रीला बनवलं होतं, आणि आता दोघांनी मिळूनच ते उघड करायचं होतं.

मी माझ्या ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं, की अकरा वर्षं खोटे दाखले दिले असं शपथेवर सांगणाऱ्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन राहत नाही. पृथ्वीराजांचाही फोन आला. धमकी वगैरे अजिबात नाही, आवाजात नेहमीची अदब. तुमच्या सहीवर आमचा पूर्ण विश्वास आहे, म्हणाले. आणि उगाच काही निघालं तर सगळ्या खात्यांच्या तपासण्या बाहेरच्या डॉक्टरकडून नव्यानं घ्याव्या लागतील, त्यात बिचाऱ्या किती जणांचं नुकसान होईल, एवढं तुम्ही बघा.

त्यांनी माझ्या हातात आयतं कारण दिलं आणि मी ते घट्ट धरलं. एका केरबाकाकांसाठी बाकीच्यांना झाडू मारायला पाठवायचं का, असं मी आठ दिवस स्वतःला विचारत राहिले. ऑपरेशन करताना विचारलं, जेवताना विचारलं. खरं तर मला त्या बाकीच्यांची नावंसुद्धा आठवत नव्हती. मला दिसत होती ती माझी पाटी, आणि ती उतरवताना समोरच्या मेडिकलवाल्याच्या चेहऱ्यावर येणारं हसू. त्यांच्यातल्यांचं असंच असतं, असं तो म्हणणार. तो काय म्हणेल याची भीती मला काकांच्या कानांपेक्षा मोठी वाटली. लाज वाटते, पण तसंच होतं.

साक्षीच्या दिवशी मी मास्क लावून गेले.

खोकला झालाय, असं मी न्यायाधीशांना सांगितलं आणि मास्क ठेवायची परवानगी मागितली. घशाच्या डॉक्टरनं मास्क लावला तर कुणाला नवल वाटत नाही. मोठ्यानं बोला, एवढंच ते म्हणाले. मला खोकला झाला नव्हता. केरबाकाका समोरच्या बाकावर बसले होते, धुतलेला सदरा, पांढरी टोपी, शेजारी धोंडुबाई. कोर्टात पंखे होते, लोकांची कुजबुज होती, तिथं त्यांच्या कानातल्या ऐकायच्या मशीनचा उपयोग नव्हता म्हणून त्यांनी ते काढून मुठीत धरलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मास्क दिसल्यावर ते थोडे पुढं वाकले आणि मग माझ्या डोळ्यांकडे बघायला लागले.

फौंड्रीच्या वकिलांनी एकेक कागद पुढं केला. ही सही तुमची का. हो. ही पण. हो. अकरा वेळा हो. मग त्यांनी विचारलं, की निवृत्तीच्या वेळी चांगले असलेले कान पुढं आठ महिन्यांत वयामुळे किंवा दुसऱ्या आजारानं जाऊ शकतात का. मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य आम्हा डॉक्टरांचं फार लाडकं आहे. त्यात खोटं काही नसतं आणि ते कुठंही चालतं.

अनुजा उठली. तिच्या आवाजात अजून माझ्याबद्दल विश्वास होता.

"डॉक्टर, कारखान्यातल्या चाचणीच्या वेळी कामगार बसायचा त्या खुर्चीचं तोंड कुठं असायचं?"

काका माझ्या डोळ्यांत बघत होते. मी न्यायाधीशांकडे वळले.

"भिंतीकडे," मी म्हटलं.

अनुजानं प्रश्न पुन्हा विचारला. मीही तेच उत्तर पुन्हा दिलं, या वेळी जास्त मोठ्यानं, कारण न्यायाधीशांनी मोठ्यानं बोलायला सांगितलं होतं. टायपिस्टनं ते टाइप केलं. अनुजानं मोनाला साक्षीला बोलवायची परवानगी मागितली. पण मोना लग्न करून दुबईला गेली होती आणि तिचा पत्ता फक्त माझ्याकडे होता. मला विचारल्यावर मी, माहीत नाही, म्हटलं. एवढं झाल्यावर ते सोपं गेलं.

तारीख पडली. मी मागच्या दारानं निघायचं ठरवलं होतं, पण काका वऱ्हांड्यात माझी वाट बघत उभे होते. चेहरा फुललेला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. गेलेल्या कानांची माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं बोलत होते आणि जाणारे-येणारे वळून बघत होते.

"तोंड झाकलंस, मला कायबी कळलं न्हाय बघ. मास्क काढ आनि सांग. खुर्चीचं सांगितलंस न्हवं?"

मी मास्क खाली ओढला. त्यांना नीट वाचता यावं म्हणून सावकाश ओठ हलवले, लहानपणी आई वडिलांसमोर उभी राहून हलवायची तसे.

"सांगितलं, काका."

त्यांचे डोळे भरून आले. पिराजीची पोरगी हाय, ती खोटं कशी बोलंल, असं ते आजूबाजूच्यांना सांगायला लागले. वऱ्हांड्यातल्या एका शिपायालाही त्यांनी ते सांगितलं. मग मला म्हणाले, की रविवारी घरी जेवायला ये, निकाल लागायचा तवा लागू दे, आपण आधी जेवू.

धोंडुबाई त्यांच्या मागं उभ्या होत्या. कोर्टात त्या काकांच्या शेजारीच बसल्या होत्या, आणि त्यांचे कान चांगले होते. माझं उत्तर त्यांनी दोन्ही वेळा ऐकलं होतं. मला वाटलं, आता त्या बोलतील. ओरडतील, चारचौघांत माझी अब्रू काढतील. मला ते चाललं असतं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते.

त्या काकांच्या समोर आल्या. त्यांना ओठ दिसतील असं तोंड करून म्हणाल्या, "व्हय, सांगितलं तिनं. समदं सांगितलं. तुमी पायरीवर बसा जरा, ऊन हाय."

काका बसले. धोंडुबाई त्यांच्याकडे पाठ करून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. आजवर मला कधी एकदाही अहोजाहो न केलेली ती बाई अगदी हळू आवाजात बोलली.

"रविवारी येऊ नगासा, डॉक्टरीणबाई. परत कधीबी येऊ नगासा. निकाल लागला की तेंस्नी काय सांगायचं ते माझं मी बघतो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून, आणि पदर सारखा केला. काका पायरीवरून आमच्याकडे बघत होते. त्यांनी मागून बायकोच्या हाताला हात लावला आणि विचारलं, काय म्हणती, येणार हाय का रविवारी.

धोंडुबाई त्यांच्याकडे वळल्या आणि ओठ नीट हलवत म्हणाल्या, "येतो म्हणाली."